क्रेनवाल्याशी फारसी

घरच्या सरकारांस, साष्टांग सोडून बाकी सगळे नमस्कार.

मी ठणठणीत आहे. बोटाला पट्टी आहे, पण डाव्या हाताच्या, तेव्हा घाबरू नकोस. आईचा गुडघा कसा आहे?

"या वयात कसली फारसी शिकताय?" असं विचारलंस. अगं, इथे साइटवर काचा उतरवणाऱ्या आमच्या क्रेनवाल्याला दुसरी भाषाच येत नाही. मी "हळू खाली आण" म्हणायचो, दुभाष्या त्याला नुसतं "खाली आण" सांगायचा. काच धाडकन आली, तेव्हाच बोट चेंगरलं.

मग मीच शिकलो, पुस्तकावरून. काम कसं करायचं ते सांगणारा शब्द आपल्यासारखाच क्रियापदाच्या आधी येतो: "आहेस्ते बियार पाईन," म्हणजे हळू आण खाली. काळजीपूर्वक हवं असेल तर काळजीच्या शब्दाआधी "बा" लावायचा: "बा देक्कत." क्रेनवाला हसतो, "उस्ताद, उच्चार भयंकर!" पण काच अलगद उतरवतो.

काल इंजिनिअर म्हणाला, "दुभाष्यामार्फत बोला, नाहीतर गोदामात बसा."

मी म्हटलं, "साहेब, काचेला हात माझे लागतात, तर तोंडही माझंच चालेल."

निकाल उद्या. गोदामात धाडलं तर जाईन, पण दुसऱ्याच्या तोंडानं एकही काच उतरवणार नाही. आणि "परत या" असं पुन्हा लिहू नकोस. आठवण येते म्हणालीस तर वाचेन.

तुझाच,
हेकट