दोरीला मारलेली गाठ

आई, काल मी कपडे वाळत घालताना दोरीला गाठ मारली, तुझ्यासारखी. पुण्याच्या गॅलरीत प्रत्येक कपड्याला तुझे दोन चिमटे असायचे, वर साडीच्या टोकाला गाठ. एकदा माझी ओढणी उडून खाली गेली तेव्हा केवढी ओरडलीस! "कपडा उडतो आणि माणूस आत जातं, कळतंय का?" मी हसले. मग पोळ्या लाटता लाटता तू पहिल्यांदा सांगितलंस, की तुझं लहानपण गावाबाहेर पालावर गेलं, आज या गावाला, उद्या त्या. गावात कुणाचं लुगडं हरवलं की पोलीस थेट पालावर यायचे. तुझ्या वडिलांना असंच नेलं, आणि लुगडं नंतर बाभळीवर सापडलं. तेव्हापासून तू, एवढीशी पोर, गावाच्या दोऱ्यांवर लांबून नजर ठेवून बसायचीस, कुठला कपडा कुठे उडतो ते बघत. "हे बाहेर बोलायचं नाही," म्हणालीस आणि पोळी उलटलीस.

इथे जर्मनीत, डार्मश्टाटजवळच्या आमच्या गावात घरामागे कुरण आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या सिंती या इथल्या भटक्या जमातीच्या लोकांच्या गाड्या उतरायच्या. हिटलरच्या काळात त्यांना तिथूनच उचलून छळछावण्यांत नेलं. नंतर कित्येक वर्षं गावाने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. आता तिथे नावं कोरलेला दगड आहे. शेजारच्या आजी दरवर्षी फुलं ठेवतात आणि डोळे पुसतात. नाटक नाही गं, खरंच रडतात.

परवा मात्र त्याच कुरणावर सिंतींच्या खरोखरीच्या कॅराव्हॅन येऊन उभ्या राहिल्या, आणि बघता बघता सगळ्यांनी कपडे आत नेले, गल्लीतल्या दोऱ्या रिकाम्या! मी माझे कपडे मुद्दाम तसेच ठेवले. कसलं शौर्य, दर दोन मिनिटांनी खिडकीतून बघत होते. त्यात माझी लेक तिकडच्या मुलींबरोबर खेळायला पळालेली. सावळी, दोन वेण्या घातलेली. लांबून कोण कुणाची, कसं कळणार? तेवढ्यात आजी कुंपणाशी येतात. "दोरीवरचे कपडे आत घेतले, त्यात माझा भरतकामाचा टेबलक्लॉथ नाही. तिकडचेच, दुसरं कोण? पोलिसांना फोन करते." पोलीस येणार, आणि माझी पोर त्यांच्यात. "थोडं थांबा, प्लीज," म्हणते आणि धावत सुटते. कुंपणं, झुडपं, उभ्या मोटारींच्या खाली, वेड्यासारखी शोधते. वारा कुरणाकडून आमच्याकडे वाहत होता, म्हणजे कपडा त्यांच्याकडे उडालेला नसणार, तेवढाच धीर. पलीकडच्या बागेत सफरचंदाच्या झाडावर टेबलक्लॉथ अडकलेला दिसला. फांदी वाकवून तो सोडवला आणि धावत आजींकडे नेला.

आजी लालबुंद झाल्या. "अरे देवा, काय बोलून बसले मी!" मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पण झाडावर बघायचं तुला सुचलं कसं?"

चांगली बाई आहे, आई. माझ्या लेकीला दर रविवारी केक देते. तुझ्या पालाचं तिला सांगायला मी तोंड उघडलंही होतं. "वारा होता ना," एवढंच बाहेर पडलं. नवऱ्यालाही मी कधी सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, तुला कपड्यांचं वेड होतं.

कॅराव्हॅन काल सकाळी गेल्या. मी लेकीच्या फ्रॉकला गाठ मारत होते, तर तिने जर्मनमध्ये विचारलं, चिमटे आहेत की, मग गाठ कशाला? तुझ्या पुण्याच्या आजीची पद्धत, म्हणाले. पुढचं सांगायची मला अजून भीती वाटते.