वीतभर उघडी गोधडी

सक्करदरा, नागपूर
डिसेंबरचा दुसरा रविवार

प्रिय भावना,

पाकिटावरचं माझं गिचमिड अक्षर बघून तू आधी हसली असशील आणि मग घाबरली असशील. आजकाल पत्रं कोण लिहितं! रोज सकाळी तू मोबाइलवर फुलांचा फोटो पाठवतेस, मी हात जोडल्याचं चित्र पाठवते, आणि तेवढ्यावर आपलं छान चाललंय. पण हे तसं पाठवण्यासारखं नाही. फोनवर सांगावं म्हणून या आठवड्यात तीनदा बसले आणि तिन्ही वेळा भुसावळला थंडी कशी आहे एवढं विचारून ठेवून दिला. तू म्हणाली असशील, कामिनीचं डोकं फिरलं. इथे दवाखान्यात उत्तरा नावाची सात वर्षांची मुलगी आहे. दहा दिवस झाले, ती अंगावर काही घेत नाही. तिचं रक्त इतकं कमी झालंय की साधी सर्दीसुद्धा तिला महागात पडेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तिला पांघरूण घ्यायला लावणं आता माझ्या हातात राहिलेलं नाही, तुझ्या हातात आहे. कसं ते सांगते. मधेच फोन करू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग मला काय बोलायचं ते बोल.

आमचे हे निवृत्त झाले आणि आम्ही कोराडीची वीज केंद्राची कॉलनी सोडून इथे आलो, ते तुला माहीत आहे. हे सकाळी तलावावर जातात ते अकरापर्यंत उगवत नाहीत. मला घर खायला उठलं होतं. मग प्रताप नगरच्या यमुताईंनी हाताला धरून त्यांच्या शिवणाच्या मंडळात नेलं. आम्ही सात-आठ बायका त्यांच्या खालच्या हॉलमध्ये दुपारी बसतो आणि आजारी मुलांसाठी गोधड्या शिवतो. लोक जुन्या साड्या, चादरी आणून देतात. कुणी अर्धवट शिवलेल्या गोधड्याही देतात. घरातली बाई गेली की तिची अर्धी गोधडी ठेववत नाही आणि टाकवतही नाही. अशा सगळ्या अर्धवट गोधड्या माझ्याकडे येतात, कारण बाकीच्यांचे टाके म्हणजे काय सांगू, हर्षाचा टाका बघितलास तर कोंबडी चालत गेली असं वाटेल. तिला तोंडावर सांगते, ती हसते आणि तसाच घालते.

आमच्या घरची रीत तुला आठवत असेल. सगळी गोधडी शिवून झाली तरी एका कोपऱ्याशी वीतभर जागा उघडी ठेवायची. तिथून चिमूटभर तांदूळ आत सोडायचे, म्हणजे गोधडी उपाशी राहत नाही. मग जो ती पांघरणार त्याचं नाव घ्यायचं आणि गोधडीचं तोंड मिटायचं. तोंड उघडं असलेली गोधडी कुणाच्याही अंगावर घालायची नाही. कॉलनीत आपण दुपारी जिन्यात शिवायला बसायचो, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची, आणि तू माझ्या या रितीला खदाखदा हसायचीस. नंतर तूच मला विचारून विचारून तशीच करायला लागलीस. इथे मंडळातही मी तीच रीत लावली. फक्त वॉर्डातल्या मुलांची नावं आपल्याला आधी कुठे माहीत असतात? म्हणून मी ‘जो पांघरेल त्याची’ एवढं म्हणते आणि शिवते. दिलेली गोधडी त्या मुलाचीच होते. मूल घरी जाताना ती सोबत नेतं. दोन वर्षांत एकही परत आली नव्हती.

गणपतीनंतर मी एक गोधडी पूर्ण करून दिली. ती कुणाची, कुठून आली, ते पुढे सांगते. चार दिवसांत नर्सबाईंनी ती परत आणली. भंडाऱ्याकडची एक मुलगी होती, तिच्या आईने घडी घालून दिली म्हणे, पोरीला नको आहे. मी उलगडून बघितली तर तोंड उघडं. हर्षाला आयतंच मिळालं, आता कोंबडी कोणाची म्हणून दिवसभर माझी टिंगल. मी गुपचूप दुहेरी दोरा घेतला, नवे तांदूळ घातले, तोंड मिटलं, गाठीवर गाठ मारली. ती वर्ध्याच्या एका मुलाला दिली. दोन दिवसांत पुन्हा परत. पुन्हा तोंड उघडं. भावना, दोरा तुटला असता तर तुकडे लोंबले असते, उसवला असता तर कापड ओढलेलं दिसलं असतं. तिथे दोराच नव्हता. सुईची भोकं तेवढी ओळीने होती, आणि आत एकही दाणा नव्हता. मी ती गच्चीवर वाळत घातली. ऑक्टोबरचं ऊन, गच्चीवर पाय ठेववत नव्हता. दुपारी उचलायला गेले तर सगळी गोधडी तापलेली आणि तो एक कोपरा माठाच्या बुडासारखा गार. हाताला ओलसर लागला. वास घेतला तर मातीचा.

कुणाला काही बोलले नाही. उलट मला राग आला, तुला माझा राग माहीत आहे. तिसऱ्यांदा तोंड शिवलं आणि या महिन्याच्या सुरुवातीला ती स्वतः घेऊन गेले. खिडकीजवळच्या खाटेवर उत्तरा होती. उमरेडच्या पुढचं गाव, आईचं नाव जयवंता, कापूस वेचायचा अर्धा टाकून पोरीला घेऊन आलेली. मी गोधडी पोरीच्या अंगावर घातली, गळ्यापर्यंत ओढली. ती लगेच झोपली. जयवंता माझ्याशी बोलत बसली. दुपारचे तीन वाजले असतील, वॉर्डात चांगला उजेड होता. बोलता बोलता जयवंता थांबली. उत्तरा झोपेतच सरकत सरकत खाटेच्या कडेला गेली होती. अर्धी खाट तिने रिकामी केली होती आणि गोधडी सगळीच्या सगळी त्या रिकाम्या जागेवर टाकली होती. आम्ही दोघी बघत होतो. गोधडी तिथे सपाट पडली नव्हती, गं. मधे जरा उंच होती. आत कुणी कुशीवर निजावं इतपत. मग हळूहळू बसली.

जयवंताने पोरीला हलवून उठवलं, ‘काहून वं, आंगावरची काहून काढली?’ उत्तरा म्हणाली, ‘ते पोरगी थंडीनं कुडकुडून राहिली ना. तिले दिली.’ कोण पोरगी, विचारलं तर म्हणे, डोक्याला हिरवा रुमाल बांधलेली. ‘ते म्हणते, माही गोधडी कामिनीमावशीजवळ हाय. अजून झाली नाही म्हणते.’ भावना, मला त्या वॉर्डात सगळे शिवणवाल्या काकू म्हणतात. माझं नाव तिथे नर्सलासुद्धा माहीत नाही. जयवंता माझ्या तोंडाकडे बघायला लागली, ‘कामिनीमावशी कोन होय वं बाई?’ पिशवी उचलली आणि जिना उतरून खाली येऊन बसले.

हिरवा रुमाल वाचूनच तुला कळलं असेल. तू एव्हाना उभी राहिली असशील. बस, भावना. त्या गोधडीत धम्मानंदभाऊजींचा प्लांटचा खाकी शर्ट आहे. तुझी निळी सुती साडी आहे, जिचा पदर कुकरच्या शिट्टीने जळला होता. आणि मधोमध पिवळा फ्रॉक आहे, बदकांचा. तुझ्या अस्मिताचा. ती गोधडी तिच्यासोबत गेली नाही.

आता जे लिहिते ते मी सोळा वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही. तू ती दवाखान्यात तिच्या उशाशी बसून शिवलीस, सगळी शिवलीस, फक्त तोंड राहिलं होतं. त्या दिवशी तिला घरी आणलं तेव्हा तुला हातात सुई धरवत नव्हती. तू गोधडी माझ्या मांडीवर टाकलीस आणि म्हणालीस, कामिनी, तेवढं तोंड मिट आणि तिच्या अंगावर घाल, तिला थंडी वाजेल. जानेवारी होता. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. तांदूळ घातले, सुई ओवली. आणि नाव घ्यायचं होतं. जो पांघरणार त्याचं नाव. बाहेर तिला आंघोळ घालत होते आणि मला तिचं नाव तोंडातून काढता येईना. नाव घेतल्याशिवाय तोंड मिटायचं नाही, आणि तोंड मिटल्याशिवाय गोधडी अंगावर घालायची नाही. एवढी शहाणी मी! भाऊजी दोनदा दारात आले, ‘वहिनी, झालं का?’ मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी यांच्याबरोबर पाठवते. ते गेले. हे शोधत आले तेव्हाही मी तशीच बसले होते, आणि मग उशीर झाला. वीतभर शिवणीसाठी मी तुझ्या लेकीला पांघरुणाशिवाय मातीत जाऊ दिलं. कशीही घातली असती तरी चाललं असतं. उघड्या तोंडाची घातली असती तर काय आभाळ कोसळणार होतं?

संध्याकाळी तू मला एवढंच विचारलंस, घातली का. मी म्हटलं, घातली, गळ्यापर्यंत नीट घातली. गोधडी तेव्हा माझ्या लोखंडी पेटीत होती. भाऊजी तिथेच बसले होते. त्यांनी स्वतः माती दिली होती, त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तुझ्यासाठी त्यांनी माझं खोटं शेवटपर्यंत सांभाळलं. चार वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा मी भुसावळला आले होते. तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, पोरीजवळ निदान तिची गोधडी तरी आहे. तेव्हा सांगायला हवं होतं. तुझ्या हातचा चहा घेतला आणि परतीची गाडी पकडली.

मग मंडळ सुरू झालं आणि मला वाटलं, कुणा आजारी लेकराच्या अंगावर ती गेली म्हणजे माझं पाप फिटेल. पेटीतून काढली, ‘जो पांघरेल त्याची’ म्हणून मोकळी झाले. जिची होती तिला न विचारता तिची वस्तू वाटून टाकली. उत्तराच्या खाटेवरूनही ती मी परत आणली, तोंड पुन्हा उघडं होतं. आता रोज वॉर्डात जाते. उत्तराला नवी गोधडी दिली, मऊ ब्लँकेट दिलं. ती सगळं त्या रिकाम्या अर्ध्या खाटेवर टाकते आणि आपण उघडी पडून राहते. ‘तिले भेटन तवाच मी घेईन’ म्हणते. जयवंता रडते, मला शिव्याही देत नाही. मागच्या सोमवारी मी मन घट्ट केलं आणि अस्मिताचं नाव मोठ्याने घेऊन तोंड शिवलं. सुई आत गेली, दोरा ओढला, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो कापडात शिरला आणि कुठे गेला कळलं नाही. रीळ संपत आलं तरी मी शिवतच होते. यमुताईंनी माझा हात धरून सुई काढून घेतली.

भावना, तू ये. मिळेल त्या पहिल्या गाडीने ये, मी स्टेशनवर येते. तुझ्या घरचा दोरा आण. तोंड तू मिट, नाव तू घे. मग कोराडीला जाऊ आणि ती तिच्या जागेवर, त्या बोरीच्या झाडाखाली ठेवू. मी सोबत नको असेन तर फाटकाशी थांबेन. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, तेवढी लाज मला आहे. हे सगळं माझ्याबरोबर सरणावर न्यायचं मी ठरवलं होतं, आणि नेलंही असतं. पण काल दुपारी मी उत्तराच्या खाटेशी बसून तिला हळूच विचारलं, ती पोरगी माझ्यावर रागावली आहे का गं? उत्तराने त्या रिकाम्या बाजूकडे तोंड केलं. बराच वेळ ऐकत राहिली. मग मला म्हणाली, ‘नाही. तुमच्यावर नाही. ते म्हणते, मायनं माह्यासाठी धाडलीच नाही.’

तुझीच म्हणायचा हक्क उरला असेल तर, तुझीच,
कामिनी