कामवाल्यांची लिफ्ट

आई, आधी बातमी सांगते, नाहीतर मला राहवणार नाही. आमच्या सूसच्या सोसायटीत आज सकाळी मीटिंग झाली आणि कामाला येणाऱ्या बायकांना कुठल्याही लिफ्टनं जायची मुभा मिळाली! ठराव मी मांडला होता. महिनाभर दारोदार फिरून सह्या घेतल्या, दोन शेजारणींचा अबोलाही ओढवून घेतला. हात भराभर वर जायला लागले तेव्हा मी ते दोनदा मोजले. घाईघाईत लिहितेय, अक्षर बघ कसं आलंय.

महाळुंग्याची ती इमारत आठवते तुला? मला शाळेला सुट्टी होती म्हणून तू धुण्याभांड्याच्या कामावर मला बरोबर नेलं होतंस. तू रखवालदाराला पास दाखवत होतीस, तेवढ्यात मी आरशाच्या लिफ्टमध्ये शिरून नवव्या मजल्याचं बटण दाबलं. आतल्या बाईंनी मला दंडाला धरून बाहेर काढलं, आणि तू त्यांच्यादेखत माझ्या पाठीत धपाटा घातलास. "ती आपली लिफ्ट न्हाई, किती येळा सांगायचं तुला?" खरं तर तू एकदाही सांगितलं नव्हतंस. मग आपण मागच्या लिफ्टपाशी उभ्या आहोत, आतून आधी कचऱ्याचे ड्रम निघतायत, आणि मग आपण वर जातोय. तू माझी पाठ चोळतेयस, पण माझ्याकडे बघत नाहीस. तो धपाटा त्या बाईंना दाखवायला होता, हे कळायला मला फार वर्षं लागली. तोवर तू गेली होतीस.

आज एक काका उठून म्हणाले, "भेदभाव वगैरे काही नाही हो, पण सोसायटीचं एक स्टँडर्ड असतं." मी म्हटलं, "काका, तुमचं कुत्रं कुठल्या लिफ्टनं फिरायला जातं?" अख्खी मीटिंग खो खो हसली, काकासुद्धा! तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते.

बाहेर आले तर आमच्या मजल्यावर काम करणारी बाई जिन्यापाशी थांबली होती. तिनं माझे दोन्ही हात धरले. "ताई, आमच्यासाठी लई भांडलात. पन आमच्या मनातलं तुमाला कसं ओ कळलं?"

मला सांगायचं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. तेवढ्यात माझ्या शेजारणीनं कौतुकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "संस्कार गं. हिची आई शाळेत शिक्षिका होती."

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहायचा धीर होतोय. शेजारणीला ते मीच सांगितलंय, आई. इथं राहायला आलो त्याच आठवड्यात, चहा पिता पिता, तिनं विचारलं म्हणून. आज ते खोडायला एक वाक्य पुरलं असतं. मी हसून मान डोलावली.