मुराळ्याची मोटार

नाना, उद्या सकाळच्या गाडीनं हे तुमच्या नातीला आखाजीसाठी, अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला, आणायला निघतील. लग्नानंतरची तिची पहिलीच आखाजी. सकाळपासून यांचं एकच चाललंय: मुराळी म्हणून गेल्यावर आधी काय बोलायचं, व्याह्यांनी राहा म्हटलं तर राहायचं का, आणि पाठवत नाही म्हणाले तर? शेवटी मी वैतागून म्हटलं, अहो, लेक आणायला चाललात, लढाईला नाही. ते हसले आणि पान आणायला बाहेर पडले. मी मात्र चुलीपुढे बसले ती बसलेच. तुमची इतकी आठवण आली, की भाजीत मीठ घातलं की नाही तेही आठवेना. म्हणून हे लिहितेय.

माझ्या लग्नाच्या आधी, माघात, तुमच्या जुन्या मोटारीचं इंजिन फुटलं. दुसरा कोणी असता तर मोटार विकून मोकळा झाला असता. तुम्ही धुळ्याहून एका मोडक्या लॉरीचं इंजिन बैलगाडीत घालून असोद्याला आणलंत आणि ते त्या मोटारीत बसवायच्या हट्टाला पेटलात. इंजिन एकदाचं बसलं, पण त्याला पेट्रोल पाजायचं कसं, यावर घोडं अडलं. दोन कार्ब्युरेटर, तांब्याच्या नळ्या, तोट्या, सगळा पसारा तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात मांडला होता. मी भाकरी थापतेय आणि तुम्ही परातीत पाणी भरून कार्ब्युरेटरातला पोकळ डबा तरंगतो का ते बघताय. आई करवादली, "पोरीच्या लग्नातल्या हयदीची परात हाये ती! उचला तुमचं ते भांडकुंड!" तुम्ही मान वर न करता मलाच सांगत होता, "हे पाह्य पोरी, पोट लॉरीचं, मंग तोंड लहान ठेवून कसं चालीन?" जुन्या कार्ब्युरेटरवर ते इंजिन उपाशी राहून धापा टाकायचं. लॉरीचा लावला की काळा धूर ओकायचं. शेवटी लॉरीचाच कार्ब्युरेटर ठेवून त्यातली पेट्रोल सोडणारी झिजलेली पितळी जेट काढून बारीक छिद्राची बसवलीत, तेव्हा कुठे ते ताळ्यावर आलं. त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरातच टाळी वाजवलीत.

राहिली टाकी. गावातले सगळे शहाणे सांगत होते, पुढे काचेखाली उंचावर एक पत्र्याची टाकी बसवा, पेट्रोल आपोआप खाली उतरेल, डोक्याला ताप नाही. तुम्ही ऐकलं नाहीत. मोटारीची टाकी मागे होती तिथेच ठेवलीत. इंजिनाच्याच श्वासानं पेट्रोल ओढणारी जुनी व्हॅक्यूमची डबी साफ केलीत आणि मागून पुढपर्यंत लांबच लांब तांब्याची नळी फिरवलीत. या सगळ्यात लग्न आलं, मोटार काही तयार झाली नाही आणि मी शिंदखेड्याला सासरी गेले ती रेल्वेनं. झालं! सासूबाईंना आयतंच मिळालं. पाणी भरताना, दळताना, येता-जाता एकच, "मोटारवालानी पोर, नि उनी आगगाडीमा!" मी हंड्यावर हंडा आदळायची फक्त.

मग आखाजी आली. शेजारच्या सगळ्या सुना माहेरी निघाल्या, कुणाचा भाऊ आला, कुणाचा बाप. तुमचा निरोप होता की मोटार घेऊन येतो. नाना, रेल्वेनं आला असतात तर काय बिघडलं असतं? सणाच्या आदल्या दिवशी दुपार कलली तरी तुमचा पत्ता नाही. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं, "दिन बुडना का मंग यंदा जानं नही." मुराळ्याशिवाय सून घराबाहेर पडत नाही, हे मलाही ठाऊक होतं. मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते, पण डोळे रस्त्याकडे. जीव नुसता टांगणीला लागला होता. तुमचा इतका राग आला, इतका, की आलात तरी बोलायचं नाही असं ठरवलं.

आणि तेवढ्यात पोरांचा गलका झाला. पाहते तर काय, पुढे कुणाच्या तरी शेतातले दोन बैल, मागे दोरीनं बांधलेली मोटार, आणि आत तुम्ही फेटा बांधून, चाक धरून, ऐटीत! अर्धं गाव मागे. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. सासूबाई दारात आल्या, "बठ्ठा गाव देखी राहिना वं माय!" म्हणाल्या आणि खांबाला धरून खो खो हसत सुटल्या. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. तुम्ही खाली उतरून हात जोडलेत आणि म्हणालात, "मोटार रुसली, पण मुराळी येळेवर आला." न बोलायचं ठरवलेली मी रडायलाच लागले.

चूक काय होती ते तुम्हीच जेवताना सांगितलंत. नळीची परीक्षा घेतली माघाच्या गारव्यात आणि रस्ता धरला वैशाखाच्या उन्हात. लॉरीच्या इंजिनाचं धुराडं नेमकं नळीच्या बाजूला, त्यात आपलं खानदेशातलं ऊन. पेट्रोल नळीतच उकळायचं, वाफ धरायची आणि इंजिन बंद. दुसऱ्या दिवशी निघताना सासूबाईंनी जुनं लुगडं टराटरा फाडलं आणि पट्ट्या व्याह्यांच्या, म्हणजे तुमच्या, हातात दिल्या, "याही, हाई ल्या, ओलं करीसन गुंडाळा." मग काय, थोडं अंतर गेलं की तुम्ही मोटार थांबवायचात, मी कळशी घेऊन उतरायचे आणि नळीवरच्या चिंध्या भिजवायचे. असोद्याला पोचेपर्यंत माझे हात पेट्रोलनं आणि धुळीनं माखले होते. आपण दोघंच होतो. इतक्या सुखात मी त्याआधी नव्हते, खरं सांगायचं तर त्यानंतरही नाही. वाटेत एका निंबाखाली मी विचारलं, ती पत्र्याची टाकी पुढे का नाही लावली, हा सगळा ताप वाचला असता. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जशी मीच वेडी. म्हणालात, "पुढे तू बसणार. पोरीच्या गुडघ्यावर पेट्रोल लोंबू देऊ मी?"

त्यानंतर मोजक्याच आखाज्या मिळाल्या. तुम्ही गेलात आणि मला भाऊ नाही. काकांनी एक वर्ष माणूस पाठवला, पुढे तेही राहिलं. हे बिचारे म्हणतात, मी सोडतो की असोद्याला, त्यात काय. यांना कसं समजावू? नवऱ्यानं सोडणं वेगळं आणि बापानं न्यायला येणं वेगळं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? भाकऱ्या झाल्या की चुलीत जाईल. एवढंच सांगते, यांनाही ठाऊक नाही. दर वर्षी आखाजी तोंडावर आली की मी स्वतःचं एक लुगडं घडी करून पिशवीत भरून ठेवते. कोणी पाहिलंच तर म्हणते, ऊन द्यायला काढलंय. आजही भरून ठेवलंय, नाना.