बाईसाहेब आणि ओल्या चादरी

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजून घे. इथे फरशीवर साबणाचं पाणी आहे आणि मी आडवा झालेला दिसलो तर दादा मलाही पिळून दोरीवर टाकेल.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजून घरात सगळ्यांच्या आधी तोच उठतो? आम्ही इकडे खुशाल आहोत. म्हणजे दादा ओरडतो आहे, वहिनी दादावर ओरडताहेत आणि भट्टीवर कपडे उकळताहेत. यातलं एखादं थांबलं तर काळजी करायची.

पत्राला उशीर झाला त्याचं कारण आपली घोडी. तू म्हणशील, घोडी काय पत्र लिहायला आड येते? येते! बाईसाहेबांना तू ओळखतेस. धुतलेल्या कपड्यांची गाडी ओढायची, पण चाल अशी की गाडी आपली, रस्ता आपला आणि दादा नोकरीला ठेवलेला. तर झालं असं की मागच्या महिन्यात वारा सुटला आणि गच्चीवरची एक ओली चादर दोरीवरून निसटून थेट तिच्या तोंडावर येऊन बसली. गाडी जोडलेली, डोळ्यांपुढे अंधार, अंगाला गार फडका. ती जी उधळली ती कोपऱ्यावरच्या भिंतीला जाऊन धडकली. गाडीचा दांडा मोडून तिच्या खांद्यात घुसला आणि पुढचा पाय मुरगळला. मी धावत पोचलो तेव्हा थरथरत उभी होती आणि मला, ताई, मला पाहून मागे सरकली. रोज हातानं चारा घालणारा मी! खरं सांगतो, तिथेच रडू आलं. (दादाला सांगू नकोस. त्याला मी डोळ्यात साबण गेला म्हणून सांगितलंय.)

त्या दिवसापासून बाईसाहेब कुणाला जवळ येऊ देईनात. जखम धुवायला गेलं की कान मागे, दात पुढे. जनावरांचे डॉक्टर आले ते शुभ्र पांढरा डगला घालून. तिने त्यांची बादली लाथेने अशी उडवली की ती गच्चीच्या जिन्यापर्यंत गेली आणि बादलीमागोमाग डॉक्टरही गेले. आता मला सांग, पांढरी चादर अंगावर आली, पांढरा डगला पाहून लाथ मारली, यावरून कुणीही शहाणा माणूस काय समजेल? पांढऱ्याला भिते! मीही तेच समजलो. आणि लाँड्रीत पांढऱ्याचं करायचं काय, हे मला कुणी शिकवायला नको. टपात नीळ कालवली. रोज घालतो तेवढी नाही, हात सैल सोडून घातली. आधी डॉक्टरांचा डगला बुडवला (त्यांनी तो वाळत घालायला दिला होता, बुडवायला नव्हे, असं ते नंतर म्हणाले). मग तबेल्यासमोरून जे जे पांढरं जाणार होतं ते सगळं बुडवलं. इस्पितळाच्या चादरी, अभ्रे, टॉवेल. अंगण कसं आभाळासारखं झालं! मी तर खूश.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या मोठ्या नर्सबाई स्वतः आल्या. त्या निळ्या चादरींवर, निळ्या उशांवर रोगी असे दिसू लागले की एका नव्या डॉक्टरने धडधाकट माणसाला, उद्या घरी जाणार होता त्याला, ऑक्सिजन लावला म्हणे. बाई बोलल्या, दादा ऐकत राहिला. त्या गेल्यावर दादा बोलला आणि गल्ली ऐकत राहिली. सगळ्या चादरी परत उकळा, आणि घोडीचा निकाल लावा. वीटभट्टीवाला तीन आठवड्यांनी रविवारी बघायला येतोय, तो घेऊन जाईल, आपण टेम्पो घेऊ. वीटभट्टी! ताई, तिथल्या घोड्यांचे खांदे मी पाहिलेत. मी म्हणालो, ती बरी होईल. दादा म्हणाला, बरी होऊन काय उपयोग, लाँड्रीत राहायचं आणि चादरीला भ्यायचं, हे म्हणजे कोळ्याने पाण्याला भिण्यासारखं. ओरडून बोलतो, पण कधीकधी मुद्द्याचं बोलतो, हाच दादाचा वाईट गुण.

मी पण मग हट्टालाच पेटलो. तुला माहीत आहे, आपल्या घरात हट्ट दादाने घेतला तर त्याला निर्धार म्हणतात आणि मी घेतला तर डोकं फिरलं म्हणतात. म्हणा! खुर्ची उचलली आणि तबेल्याच्या दाराशी जाऊन नुसता बसलो. तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही, पाठ करून गाजर खायचं. (कच्चं गाजर इतकं खाल्लंय की आता मला अंधारातही दादाचा राग दिसतो.) बसल्या बसल्या पाठीमागे कान लावला होता, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. अंगणात चादरी निळ्या असोत की पांढऱ्या, ती शांत उभी राहायची. पण वहिनींनी दोरीवर घालायच्या आधी चादर झटकली, ती फाट्‌ करून वाजली, की घोडीचे खूर लगेच फरशीवर खडखडायचे. रंगाचं तिला काही नव्हतंच! तिला भीती त्या आवाजाची होती. डॉक्टरांचा डगला खळ घालून कडक केलेला, चालताना फडफडायचा. आणि मी अख्खं इस्पितळ निळं करून बसलो होतो.

मग मी वहिनींपुढे हात जोडले, की कपडे झटकू नका. त्या म्हणाल्या, झटकले नाहीत तर सुरकुत्या पडतील, इस्त्री कोण करणार? मी म्हणालो, मी. तेव्हापासून या लाँड्रीत कपडे असे गुपचूप वाळत पडायचे की जणू चोरून आणलेत, आणि मी इस्त्री करून करून वाकलो. पण इस्त्रीचा एक फायदा झाला. फ्लॅनेलच्या तुकड्याची घडी करून गरम करायची आणि लांब काठीला बांधून तिच्या खांद्याजवळ न्यायची. पहिल्यांदा काठी मोडली. पुढच्या वेळी ती नुसतीच फुरफुरली. मग काठी आखूड, आणखी आखूड, आणि एका सकाळी काठी नाही, माझा हातच. ऊब लागली तशी तिने डोळे मिटले आणि सगळा भार माझ्यावर टाकला. घोडीचा सगळा भार, ताई! बरगड्या कळवळल्या, पण मी हललो नाही. जखम धुतली, मलम लावलं, ती उभी राहिली.

मग आवाजाचं. अंगणाच्या पार टोकाला उभं राहून हातरुमाल झटकायचा, अगदी हळू, आणि लगेच जाऊन खिशातलं गाजर द्यायचं. मग अभ्रा. मग टॉवेल. रोज एकेक पाऊल जवळ. शेजारचे न्हावी दुकान सोडून बघायला येऊ लागले आणि गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने त्यांच्यामागे. कुणी म्हणे खुळा, कुणी म्हणे जादूगार. मला दोन्ही चालत होतं.

ठरल्या रविवारी वीटभट्टीवाला आला. दादाने माझ्याकडे पाहिलंही नाही. दोरीखालच्या टोपलीतून डबल बेडची ओली चादर उचलली, तबेल्यापुढे उभा राहिला आणि हातात होता नव्हता तेवढा जोर लावून झटकली. बाईसाहेबांनी कान टवकारले, लंगडत दादाजवळ गेल्या आणि त्याचे खिसे हुंगू लागल्या. सदऱ्याचा, मग लेंग्याचा. दादाजवळ गाजर कुठलं असायला? तो चादर धरून तसाच उभा, आणि ती त्याच्या पोटावर डोकं घासतेय. मग वीटभट्टीवाल्याला म्हणाला, चहा घ्या आणि निघा. आणि माझ्यावर ओरडला, गाजर आण ना, बघतोस काय!

तर अशी ही गोष्ट. बाकी सर्व ठीक. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : डॉक्टर काल पुन्हा आले (डगल्याशिवाय). जखम भरली म्हणाले, भीती गेली म्हणाले, पण पाय गाडी ओढायचा राहिला नाही. कधीच नाही. तिला फरशी नको, मऊ माती हवी, मोकळं गवत हवं. दादा सबंध दिवस ओरडला नाही, वहिनी घाबरल्या. संध्याकाळी एवढंच म्हणाला, ताईकडे मागचं कुरण आहे, तिला लिही. म्हणून हे पत्र. नाही म्हणू नकोस. ती तुला काही त्रास देणार नाही, फक्त तू कपडे झटकलेस की येऊन खिसे बघेल, तेवढं दे.

ता. क. २ : तिला चालवत घेऊन दादाच येणार आहे. हळूहळू, वाटेत थांबत. मी म्हणालो मी जातो, तर म्हणतो इस्त्रीला कोण? फ्लॅनेलचा तुकडा मात्र माझ्याकडून मागून घेतला, आणि कसा गरम करायचा ते मलाच शिकवतोय.

ता. क. ३ : हे दादाला दाखवू नकोस. तो परत निघाला की चार दिवसांनी दोन ओळी लिही, की घोडी काही खात नाही, धाकट्याला ताबडतोब पाठवा. खात असली तरी लिही.