हसरा फोटो

मंगळवार, न्हावरे

सीमेवर लढाई पेटलीय. सुट्टीवर आलेल्या जवानांना परत बोलावलंय. शेजारचा संदीप निघण्याआधी आईला घेऊन माझ्या स्टुडिओत आला. कागदपत्रांसाठी पासपोर्ट फोटो हवा होता. मी सवयीनं म्हणाले, "हसू नको."

आणि माझंच मला कसंतरी झालं.

मोबाईलवर बघून बघून फोटो काढायला शिकले. लग्नांचे काढले, बारशांचे काढले. मागच्या लढाईत गेलेल्या विलासचा पासपोर्ट फोटोही मीच काढलेला. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर गावभर तोच लागला. त्याची आई म्हणाली, "पोरी, ह्यो माझा विलास न्हाई. त्यो कायम हसायचा."

त्याला हसू नको कुणी सांगितलं होतं? मीच ना.

तेव्हापासून जवान आला की दुसरा फोटो काढतेच. हसरा.

आज संदीपला हसूच येईना. शेवटी काकू म्हणाल्या, "चौथीत नापास झाला, तवा बी हसत घरी आला व्हता." तो हसला. मी बटण दाबलं.

"ह्यो कशाला, ताई?"

"राहू दे माझ्याकडं. पुढच्या सुट्टीत घेऊन जा."

हा फोटो न्यायला त्याचा त्यानंच यावं. दुसऱ्या कुणी नाही.