चिमणी घोडीसाठी पळतं टार्गेट

१२ जानेवारी
आज निर्णय झाला. साउंड सर्विस हा माझा धंदा आहे, पण पिंड संशोधकाचा. हे आखाडा बाळापुरात कुणाला माहीत नाही, कारण मी सांगत फिरत नाही.

तांड्यावरच्या लालसिंगची पोरगी निलम पळत्या घोडीवरून बाण मारते. मार्चमध्ये नांदेडला तिची निवड चाचणी आहे. घोडी घरचीच, नाव चिमणी. एरवी नवरदेव वाहते. निलम प्रॅक्टिस करते ती कडब्याच्या पेंढीवर. पेंढी जागची हलत नाही. पाहून मला वाईट वाटलं.

मी तिला सेन्सरवर चालणारं पळतं टार्गेट करून देणार. घोडी जवळ आली की सेन्सरला कळणार आणि टार्गेट रुळावरून सटकणार. निलमला सांगितलं तर म्हणाली, "पण काका, आमच्या खेळात घोडी पळती. टार्गेट उभंच ऱ्हातं." मी फक्त हसलो. पळतं टार्गेट टिपणारीला उभं टार्गेट भिंतीएवढं दिसणार की! पण तिला आत्ता समजणार नाही.

संकल्प: मशीन पूर्ण होईपर्यंत कुणाला एक शब्द सांगायचा नाही.

१३ जानेवारी
हॉटेलवर सगळ्यांना सांगून झालं. उत्सुकता प्रचंड. हॉटेलवाल्या किसनरावांनी विचारलं, घोडीला इचारलं का? जळणारे असायचेच.

१९ जानेवारी
मशीनचं नाव ठरलं. 'विजयचक्र, मॉडेल वन'. स्टिकर छापून आले, झकास आहेत. पार्ट अजून यायचे आहेत. बायकोचं म्हणणं, आधी मशीन करतात, मग स्टिकर. शितलला संशोधनाची पद्धत माहीत नाही.

२७ जानेवारी
मोटर आली. सेन्सर आला. रुळासाठी लोखंडी अँगल लागत होते, ते पलंगात निघाले. पलंग जुना झाला होता हे शितलला पटवायला वेळ गेला. सध्या गादी जमिनीवर. पाठीला चांगलं असतं.

५ फेब्रुवारी, दुपार
अंगणात पहिली ट्रायल. सेन्सर एकदम तेज. कोंबडी गेली, टार्गेट पळालं. शेळी गेली, पळालं. शितल धुणं घेऊन गेली, पळालं. मी समोर उभा राहिलो तर हलेना. काय झालं ते बघायला वाकलो, तेव्हा पळालं.

हनुवटीला पट्टी लावली आहे. बोलताना थोडी तकलीफ होते. शितल म्हणाली, काही घाई नाही, सावकाश बरी होऊ दे.

१४ फेब्रुवारी
लालसिंगच्या शेतात रूळ बसवला. बाजूला उकडलेली हळद वाळत घातलेली, सगळं शेत पिवळं. सुंदर बॅकग्राउंड. फोटो चांगले येतील.

लालसिंगने विचारलं, घोडी बुजंल का वो? मी म्हणालो, अहो, वरातीत कानाशी फटाके फुटले तरी ही कान हलवत नाही! तो म्हणाला, "फटाके तिच्या अंगावर येत न्हाईत."

मुद्दा लिहून घेतला.

१६ फेब्रुवारी
मुख्य चाचणी. कळमनुरीचा पत्रकार बोलावला होता. आला नाही. आता वाटतं, तेच बरं झालं.

निलमने लगाम सोडला. दोन्ही हात धनुष्यावर, घोडी भरधाव. खरं सांगायचं तर मी मशीनकडे पाहायचंच विसरलो होतो. इतकं ते देखणं होतं. सेन्सरने घोडी बराबर ओळखली. टार्गेट सुटलं. दिशा तेवढी उलटी. मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली होती, किरकोळ बाब आहे. ते गोल टार्गेट चिमणीच्या तोंडावर आलं. रूळ संपला तरी येतच राहिलं. चिमणी दोन पायांवर उभी झाली, निलम खाली, आणि घोडी हळद तुडवत थेट रस्त्याला.

निलमचा खांदा सुजला. हाड शाबूत आहे. लालसिंग घोडीमागे रस्त्याला धावला. तिची आई मिराबाई बोलल्या. "विजूभाऊ, लेकराच्या जिवाशी काहून खेळून राहिले तुमी?" मी वायरींचं सांगायला लागलो. त्या घरात निघून गेल्या.

तांत्रिकदृष्ट्या चाचणी जवळजवळ यशस्वी. जेवण गेलं नाही.

२१ फेब्रुवारी
चिमणी आता गोल काही दिसलं की थांबते. ट्रॅक्टरचं चाक. परात. मिराबाई भाकरी थापत होत्या, तर त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. काल एका वरातीत बँडवाल्याचा मोठा ढोल दिसला आणि ती नवरदेवासकट माघारी फिरली. नवरीकडची माणसं अजून चिडलेली आहेत.

चांगली बाजू: घोडीला आकार ओळखता येतो. हे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

२७ फेब्रुवारी, सकाळ
मोटर काढून टाका, असा तांड्यावरून निरोप आला. काढली. टार्गेट तसंच उभं ठेवायला सांगितलं.

निलम रोज चिमणीला घेऊन पायी त्या टार्गेटकडे जाते. खांदा दुखतो म्हणून लगाम दुसऱ्या हातात. घोडी थांबली की ही थांबते. ओढत नाही. हळू आवाजात तांड्याच्या बोलीत काहीतरी सांगत राहते. टार्गेटच्या पायाशी हिरवा चारा ठेवलेला असतो.

माझ्या मते ती मशीनचा अभ्यास करते आहे. म्हणून मॉडेल टू समजावून सांगायला गेलो. म्हणाली, "काका, जरा गप उभं ऱ्हा. ती ऐकून राहिली."

उभा राहिलो. मला अशी सवय नाही. बऱ्याच वेळाने चिमणीने मान लांब केली आणि चाऱ्याला तोंड लावलं. निलमने माझ्याकडे बघितलं. मी मॉडेल टूबद्दल काही बोललो नाही. आज विषय निघाला नाही, एवढंच.

९ मार्च, नांदेड
मशीन टेम्पोत टाकून बरोबर आणलं, रूळ तेवढा शेतातच राहिला. मोटर पुन्हा बसवली आहे, वायरी सरळ. मोठ्या लोकांसमोर प्रात्यक्षिक दाखवायचा बेत होता. गेटवरच्या माणसाने विचारलं, हे काय आहे? मी समजावलं. त्याने पुन्हा विचारलं. आत सोडलं नाही. मशीन सोडून जाता येईना, कुणी आयडिया चोरली तर? शितल आत गेली, मी बाहेरच थांबलो. आतून टाळ्या ऐकू आल्या. कुणाला ते कळेना.

संध्याकाळी शितल डोळे पुसत बाहेर आली. म्हणाली, पहिल्या टार्गेटपाशी घोडी अडली. निलम मानेवर वाकली, तिच्या कानात काही बोलली. मग जी सुटली ती सुटलीच. सगळे बाण लागले. निवड झाली!

मी विचारलं, टार्गेट कसं होतं?

शितल म्हणाली, उभं.

१६ मार्च
तांड्यावर निलमचा सत्कार. साउंड अर्थातच माझा. निलम बोलायला उठली. आईबापाचं नाव घेतलं, चिमणीचं घेतलं, आणि म्हणाली, "विजूकाकांनी ती मशीन केली नसती, तर..." इथे माइक बंद पडला. जॉइंट सैल होता. पुढे बसलेल्यांना बाकीचं ऐकू गेलं. सगळे हसले. लालसिंगसुद्धा. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

मी जनरेटरमागे होतो. तिथल्या तिथे मनात वाक्य पूर्ण करून पाहिलं. दोन-तीन प्रकारे होतं. सगळे प्रकार पेटंटच्या अर्जाला चालण्यासारखे. शितलला विचारलं, पुढे काय म्हणाली? शितल म्हणाली, तिलाच विचारा.

पंगत उठल्यावर विचारलं. निलम जरा लाजली. "तर चिमणी कवाच तयार झाली असती, असं म्हनलं मी, काका." मग पाया पडली आणि म्हणाली, रूळ तेवढा घेऊन जा, घोडीच्या पायात येऊन राहिला.

उद्या नेतो म्हणालो. म्हणाली, आजच.

एकट्याला उचलेना. दुसरं टोक तिनेच धरलं. टेम्पोपर्यंत मी एक शब्द बोललो नाही.